न्हाणीतला मासा आणि सुशीलाचा बटवा

सुशीला गेली त्याच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते. तिथल्या बाईनं ताटली आणून ठेवली. पांढरी पेज, त्यात मीठ असलं तर असलं. सुशीलानं एक चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अक्का, लई झेक हाय." माझ्याशी ती बोलली ते एवढंच शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा मी पडेगावच्या घरी तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटत होते, लपवून न्यायची म्हणून... आता महिना होऊन गेला, ती चटणी तशीच डब्यात आहे.

सुशीला माझी धाकटी जाऊ. चाळीस वर्षं एका घरात काढली आम्ही, ती वर, मी खाली. आणि झेक हा आमच्या दोघींचा शब्द. ज्याला चव नाही, मीठ नाही, जीव नाही, ते झेक. लग्नातली पनीरची भाजी झेक, हळू आवाजात भांडणारं माणूस झेक. ज्या देशाचं हे नाव, तिथली माणसं हे वाचणार नाहीत म्हणून मोकळेपणानं लिहिते.

तिचा एकुलता एक विनोद वाळूजच्या कारखान्यातून तिकडं झेक देशात नोकरीला गेला, ब्रनो नावाच्या गावात, आणि लेंका नावाच्या तिथल्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. आधी लग्न, मग फोन. सुशीला दीड वर्षं त्याच्याशी बोलली नाही. मग त्यानं तिकिटं पाठवली, तर मला म्हणाली, "जाते, पण पोराला घेऊनच येते." एकटीनं विमानात बसायचा धीर नव्हता, म्हणून मला ओढलं. माझ्या पिशवीत कणीक, तिच्या पिशवीत काळा मसाला, कमरेला पानाचा बटवा आणि गळ्यात तुळशीची माळ. एवढ्या तयारीनिशी आम्ही दोघी विनोदला परत आणायला निघालो.

आता तिथल्या खाण्याबद्दल काय सांगावं. मैद्याचं जाड लोळकं उकडतात आणि दोऱ्यानं कापतात, धुण्याचा साबण कापावा तसं. त्यावर शेपू घातलेली दाट साय. शेपू! आपण ज्याला लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी देतो, मुगाची डाळ घालतो, त्या शेपूला यांनी दुधात बुडवून मारलं. पावावर जिरं दिसलं म्हणून जीव हरखला, तर ते शहाजिरं निघालं. तेच बटाट्यात, तेच कोबीत, आणि कोबीही आंबवलेला. एका दुपारी आत आंबटगोड फळ घातलेले उकडीचे गोळे आले, वर खसखस नि साखर. सुशीलाला वाटलं हा नैवेद्य, भाजी-पोळी मागून येईल. अर्धा तास ताटावर बसून राहिली बिचारी. तेच जेवण होतं.

आणि करमणूक म्हणाल तर टीव्हीवर दिवसभर राजकन्यांचे सिनेमे. दर नाताळात तेच ते, आणि मिशा पिकलेले बाप्ये ओठ हलवत त्यातली वाक्यं म्हणतात. नाहीतर बर्फावरची हॉकी. त्यात चेंडूसुद्धा नसतो, एक काळी चकती असते, ती कुणालाच दिसत नाही, तरी सगळे ओरडतात. एरवी ट्राममध्ये मयतीला चालल्यासारखी गप्प बसतात. सुशीला म्हणायची, यांचा सगळा आवाज त्या चकतीपायीच संपत असल.

नाताळच्या चार दिवस आधी लेंकाच्या माहेरी आम्हाला मुक्कामाला नेलं. न्हाणीघरात गेलो तर आंघोळीच्या टबात हाताएवढा जिवंत मासा! आमची आंघोळ बादलीवर आली. घरातले येता-जाता त्या माशाकडं बघायचे, पाणी बदलायचे, लेंकाची भाची त्याच्याशी बोलायची. सुशीलाचा राग जरा निवळला. म्हणाली, काही का असंना, देवाधर्माचं थोडं दिसतंय. ती पैठणची, नदीवर कणकेच्या गोळ्या माशांना टाकत वाढलेली. रोज सकाळी आमच्या कणकेच्या गोळ्या करून ती त्याला खाऊ घालायला लागली, आणि व्याही रोज डोकं खाजवत, की पाणी इतकं गढूळ का होतंय. आम्हाला काय माहीत, तो मासा उपाशी ठेवलेला होता. पोटातला चिखल निघून जावा म्हणून चार दिवस स्वच्छ पाण्यात, आणि सणाच्या दिवशी तळायचा. घरोघरी तसंच करतात म्हणे.

सणाच्या दुपारी व्याही लाकडी हातोडा घेऊन न्हाणीकडं निघाले, तेव्हा सुशीलाला उलगडा झाला. त्यांच्या आधी ती आत शिरली आणि कडी लावून घेतली. विनोदनं बाहेरून विनवलं, मग चिडला, आई, सणाच्या दिवशी माझी अब्रू घालवू नको म्हणाला. आतून आवाज आला, "माझ्या हातचं खाल्लंय त्यानं. आता त्याला मारायचा नाय. आणि तू बॅग भर, आपण निघू." व्याही काहीतरी पुटपुटले. विनोदनं त्याचा अर्थ आजतागायत सांगितलेला नाही.

मग लेंका गेली. दारावर टकटक केली आणि विनोदनं शिकवलेल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, मी एकटी. हातोडा नाही." बऱ्याच वेळानं कडी निघाली. मीही मागून शिरले. लेंका टबाच्या काठावर बसली आणि हात पुढं केला. सुशीलानं तिच्याकडं बघितलं आणि तिच्या हातावर कणकेची एक गोळी ठेवली. ती तिनं पाण्यात सोडली. माशानं गिळली... तासाभरानं आम्ही सगळे त्याला बादलीत घालून नदीवर सोडून आलो. व्याह्यांनी टोपी काढली, सुशीलानं हात जोडले.

रात्रीच्या जेवणाला माशाविना नुसतं बटाट्याचं गारढोण सॅलड. व्याह्यांचं तोंड बघवत नव्हतं. त्यांच्यात त्या माशाचं खवलं ताटाखाली ठेवतात आणि पुढं वर्षभर पाकिटात बाळगतात, बरकतीसाठी. यंदा खवलं कुठून येणार? तर त्या अगडबंब माणसानं स्वतःच्या पाकिटातलं गेल्या वर्षीचं काढलं आणि सुशीलाच्या ताटाखाली सरकवलं. सुशीलानं ते कागदी रुमालात चिमटीनं धरलं, जणू पाल. मला कानात म्हणाली, "विमानतळावर टाकून देते." त्या बादलीला माझा हात लागला म्हणून तिनं मला कडाक्याच्या थंडीत पुन्हा आंघोळ करायला लावली होती. पण विनोदला परत न्यायचा विषय त्यानंतर तिनं काढला नाही. विमानात मी विचारलं तर एवढंच म्हणाली, "पोरगी बरी हाय. खाणं वाईट हाय." खवल्याचं विचारलं, तर म्हणाली, टाकलं की कचऱ्यात.

त्याला सहा वर्षं झाली. आता दहाव्या-तेराव्याला विनोद आणि लेंका आले होते. एका संध्याकाळी लेंकानं तेच फळाचे गोळे केले. मी एक खाल्ला आणि सवयीनं बोलून गेले, झेक. मग जीभ चावली. लेंका हसली आणि डोळे पुसत म्हणाली, "व्हय मोठ्याई, लई झेक." म्हणजे सुशीलानं हा शब्द फोनवर तिलाही देऊन टाकला होता.

बटवा माझ्याकडं आला. सुपारी, कात, लवंगा, चुन्याची डबी... आणि अगदी आतल्या कप्प्यात पिवळा पडलेला कागदी रुमाल, त्यात ते खवलं. लेंका म्हणाली, ते दर वर्षी बदलायचं असतं, जुन्याचा उपयोग नसतो. माळकरी बाई, दिवसातून चार वेळा या बटव्यात हात घालायची आणि तोच हात तोंडाला लावायची. सहा वर्षं!

मी ते होतं तिथंच ठेवलं आहे. दुपारी सुपारी काढताना बोटाला लागतं, नखासारखं टणक. त्या देशाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. मी उठते, हात धुऊन येते, आणि मग सुपारी खाते.