‘नाही’ला वाट नव्हती

माघात आमच्या सौंसरकडे संत्र्याच्या बागेत पिकलं फळ आणि पांढरी कळी सोबतच असते, आणि तो गंध कोवळ्या उन्हात असा मुरतो की उन्हालाच वास आहे असं वाटावं. त्याच वासात, अंगणातल्या बाजेवर बसून, माझी लेक सुनंदा माणसांनी काय बोलावं याचे नियम लिहीत होती, आणि माझं डोकं फिरलं.

मी तिसरी शिकलो, तीही अर्धी. ती नागपूरला कॉम्प्युटरच्या कामावर. तेव्हा, दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत, शेतकऱ्यानं फोनवर बोलावं आणि यंत्रानं ते ओळखून त्याचा माल विक्रीला घ्यावा, असा त्यांचा प्रयोग चालला होता. यंत्राला सगळी भाषा कळत नाही. कोणत्या शब्दामागून कोणता येणार हे आधीच ठरवून द्यावं लागतं, आणि त्याबाहेरचं बोलणं त्याच्यासाठी नसल्यासारखंच. कागदावर चौकोन होते, चौकोनांतून निघालेले बाण होते. मी बोटानं एकेक बाण धरून चाललो. संत्रा की कापूस, किती, कोणत्या गावचा. शेवटी यंत्र भाव सांगणार, आणि शेतकऱ्यापुढे दोनच वाटा: ‘हो’ किंवा ‘पुन्हा सांगा’.

“अन् ‘नाही’ कुठं हाय व?”

“ते नाही ठेवलं, बाबा. हरेक जण ‘नाही’ येगळंच म्हणते, मशीन गोंधळून जाते. माणूस गप्प राहिला का फोन बंद. गप्प म्हणजे नाहीच.”

अंगाची लाही लाही झाली. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, बागेत मी फळं तोडायचो तेव्हा माझ्याही तोंडाला असेच दोन बोल नेमून दिलेले होते, ‘जी मालक’ आणि ‘हो मालक’. मजुरी त्यानं ठरवावी, मी मान खाली घालावी, आणि माझ्या गप्प राहण्याला त्यानं दरवेळी ‘हो’च समजावं. एका तोडणीला मी टोपलं खाली ठेवलं, ‘नाही’ म्हणालो. त्यानंतर आमच्या गावात, रामाकोन्यात, मला कुणी कामावर घेतलं नाही.

“लिही. आत्ताच्या आत्ता लिही.”

“नाही, बाबा.” तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. “तुमच्या रागानं मशीनचे कान नाही वाढत. आधी जेवढं होते तेवढं तं होऊ द्या.”

“मंग नवा मालकच बनवून राहिली तू!”

“मालकानं तुमाले बाण दाखवले असते का?”

मी कागद बाजेवर ठेवला. संध्याकाळी तिची पिशवी उचलून बसपर्यंत गेलो. बस नागपूरच्या वळणाला गेली, धूळ खाली बसली, आणि बागांचा वास पुन्हा वर आला.

माझा संताप अजून तसाच आहे. ज्याला नकार ऐकता येत नाही त्यानं भाव सांगू नये, मग तो माणूस असो की यंत्र. पण टोपलं खाली ठेवून ‘नाही’ म्हणताना माझा आवाज फाटला होता, आणि तिचा मात्र जरासुद्धा हलला नाही, जणू पाणी मागावं तसा तो ‘नाही’ तिच्या तोंडून आला. तिच्या कागदावर त्याला वाट नव्हती. तिच्यापर्यंत तो कोणत्या वाटेनं आला असेल, एवढंच मी बाजेवर बसून शोधत असतो.