चवीचा घास

काकूंच्या कँटीनमध्ये ताटात टाकून कुणी उठलं नाही. निदान काकू तरी असंच सांगत. पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. मालक बदलले, यंत्रं बदलली, भोंगा जाऊन घंटा आली, पण कँटीनच्या चुलीपुढे काकूच. एखाद्याने ताटात चार घास ठेवले की त्या डाव हातात घेऊनच टेबलापाशी जात आणि विचारत, "काय रे, काय कमी पडलं?" प्रश्न मायेचा असे, पण डावही लोखंडी असे. माणूस मुकाट्याने ताट पुसून घेई.

त्यांच्या स्वयंपाकाचा एक रिवाज होता. भांडं चुलीवरून उतरण्याआधी दुसऱ्या कुणीतरी चव घ्यायची. "रांधणाऱ्याची जीभ लबाड," काकू म्हणत, "तिला आपलं सगळंच गोड लागतं." म्हणून दारात जो दिसेल त्याच्या तळहातावर डावातून घासभर पडे. बहुतेक वेळा पहारेकरीच दिसे, कारण कारखान्याचं फाटक कँटीनच्या समोर होतं. तो बोटं चाटत "मीठ जरा कमी" म्हणे किंवा नुसती मान डोलावे. आणि भांडी काही एक नसत. जेवणाच्या सुट्टीत मात्र हा पहारेकरी जेमतेम अर्धं ताट घेई. "खाण्यावर ताबा असावा तर असा," असं काकू नव्या पोरांना त्याचं उदाहरण देत.

काकू निवृत्त झाल्या त्या दिवशी भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि सगळे पांगल्यावर पहारेकऱ्याने कोटाच्या आतून एक पिल्लू काढून त्यांच्या हातात ठेवलं. फाटकावरच्या कुत्रीचं पिल्लू, मातकट रंगाचं, अंगापेक्षा कान मोठे. त्याची भावंडं धट्टीकट्टी होती, त्यांना घरं मिळाली. हे मागे राहिलं.

"हे खात नाही, काकू," पहारेकरी म्हणाला. "हुंगतं आणि तोंड फिरवतं. तुमच्या हातचं खाल्लं तर खाल्लं, नाहीतर याचं काही खरं नाही."

काकूंनी पिल्लू उचलून तोंडासमोर धरलं. "माझ्या हातचं नाही खाणार? बघतेच कसा खात नाही ते!"

चिमूटभर जीव, म्हणून नाव पडलं चिमूट.

घरी काकूंचे यजमान होते. त्याच कारखान्यात वायरमन होते, म्हणून सगळ्यांचे वायरमनकाका. दोन वर्षांपूर्वी ते घरी बसले आणि तेव्हापासून त्यांची भूकच मेली होती. ताटावर बसत, दोन घास चिवडत आणि "आता नको गं" म्हणून उठत. काकूंना ते लागे. सगळ्या कारखान्याला पोटभर जेवू घालणाऱ्या बाईच्या घरात नवराच अर्धपोटी. त्यात आता हा दुसरा.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी फरशीवर काकूंनी निळी एनॅमलची वाटी मांडली आणि कंबर कसली. पहिल्या दिवशी भात आणि उकडलेली कोंबडी. चिमूटने वाटीला प्रदक्षिणा घातली, हुंगलं आणि शेपटीवर बसला. दुसऱ्या दिवशी अंडं. मग मासा. मग भोपळ्याची खिमट. मग कांदा-लसणाची फोडणी दिलेला खिमा, ज्याच्या वासाने शेजारीण खिडकीत आली, पण चिमूट जागचा हलला नाही. कँटीनचा धडा काकूंना पाठ होता: आज आवडलं नाही, तर उद्या बदल. त्या वाटीशेजारी फतकल मारून बसत, स्वतः मिटक्या मारून दाखवत, वाटी त्याच्या नाकाखाली सरकवत. तो आणखी मागे सरके.

"अगं, ते पिल्लू आहे," काका म्हणाले. "तपासणीला आलेला साहेब नाही."

"तुम्ही बोलू नका. तुमचं ताट पाहिलंय मी."

शेवटी त्या त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट चाचपलं, तोंड उघडून पाहिलं, तपासण्या केल्या. आजार नाही, जंत नाहीत. मग काय काय दिलं ते विचारलं आणि कांदा-लसूण ऐकताच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काकू, कुत्र्यांना कांदा-लसूण बाधतो. पुन्हा देऊ नका. मीठ-मसालाही बंद. आणि हे रोजचं नवं नवं कशाला? नाही म्हटलं की दुसरं काहीतरी येतं, हे त्याला बरोबर कळलंय. एकच काहीतरी ठरवा. पिल्लांचं कोरडं खाणं मिळतं, ते कोमट पाण्यात भिजवा, वर थोडी उकडलेली कोंबडी. रोज तेच, त्याच वाटीत, त्याच जागी, ठरल्या वेळी."

"आणि वजन?"

डॉक्टरीणबाईंनी वजनाचा आकडा पुन्हा पाहिला. "वजनाचीच काळजी आहे. एवढ्या अशक्त पिल्लाला पुढची लस देता येणार नाही. आणि सध्या पिल्लांमध्ये साथ आहे. तुमच्या मागच्या गल्लीतली दोन गेली."

काकू परत येताना टोपली पोटाशी धरून चालल्या.  हरण्याची त्यांना सवय नव्हती, आणि ही हार नुसती नाक कापणारी नव्हती, जीव घेणारी होती.

त्या दिवसापासून एकच खाणं. काकूंनी शब्द पाळला, तरी चिमूट वाटीला तोंड लावेना. फासळ्या तशाच. तेव्हा काकूंना संशय आला. चिमूट दिवसभर काकांच्या पायात घोटाळतो, आणि काकांच्या खिशात बिस्किटांचा चुरा सापडतो. म्हणजे चोर घरातच!

"मी काही देत नाही," काका म्हणाले. "कधीतरी कोपरा. बिस्किटाचा."

"कधीतरी कोपरा! म्हणूनच तो माझी वाटी हुंगतो आणि तुमच्या खिशाकडे बघतो."

हे गाऱ्हाणं घेऊन काकू पुन्हा दवाखान्यात हजर. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "भांडू नका. ओट्यावर एक रिकामं पातेलं ठेवा. वाटी सोडून त्याच्या तोंडात जे जाईल, ते ज्याच्या हातून जाईल त्याने तेवढंच पातेल्यातही टाकायचं. एक दिवस करा. मग कळेल."

काकूंना ही युक्ती फारच आवडली. आता चोर रंगेहाथ सापडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं ओट्यावर आलं. काकांनी चहाबरोबर बिस्किटाचा कोपरा चिमूटला दिला, आणि गुन्हेगाराच्या चेहऱ्याने तेवढाच कोपरा पातेल्यात टाकला. टण्ण वाजलं. काकूंनी विजयी मुद्रेने मान हलवली आणि कोंबडी उकडायला लावली.

चिमूट पायाशी येऊन बसला होता, नेहमीसारखाच. काकूंनी एक तुकडा काढला, फुंकर मारली, वाकून तळहातावर धरला. "बघ रे, शिजली का?" चिमूटने गट्ट केलं. काकू सरळ झाल्या आणि त्यांची नजर पातेल्याकडे गेली. काका पेपरच्या वरून बघत होते. नियम म्हणजे नियम. काकूंनी एक तुकडा पातेल्यात टाकला. मग पिल्लाचं खाणं भिजलं का ते बघायला दोन दाणे चिमूटला, दोन पातेल्यात. अजून कडक वाटले म्हणून थोड्या वेळाने पुन्हा. कोंबडी पिंजताना तंतू बारीक झाले का ते बघायला एक घास. कोंबडीच्या पाण्यात दाणे कालवल्यावर एक घास. पाणी जास्त झालं वाटतं, म्हणून आणखी एक.

वाटी मांडायची वेळ झाली तेव्हा पातेल्याचा तळ दिसत नव्हता.

काकूंनी निळी वाटी शेजारी ठेवली आणि पातेलं तिच्यात ओतलं. वाटी काठोकाठ भरली. वर बिस्किटाचा एक कोपरा तरंगत होता.

काकू स्टुलावर बसल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा! खाणं तयार होईतो हा जीव पोटभर जेवत होता, तेही चारी ठाव, आणि नंतर वाटी पुढे आली की भरल्या पोटाने नाक मुरडत होता. तेही बरं, पण त्या घासात होतं काय? कोंबडी आणि पाणीच जास्त, दाणे नावापुरते. हाडं भरून यायला हवं ते सगळं वाटीतच राहत होतं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. आणि मग एकदम पहारेकरी आठवला, अर्धं ताट घेणारा, खाण्यावर ताबा असलेला! चुलीवरच्या सगळ्या भांड्यांची चव घेऊन तो सुट्टीला यायचा. काकूंना हसू फुटलं, ते आवरेना, आणि हसता हसता डोळे कधी भरून आले ते त्यांनाही कळलं नाही.

काकांना मोका होता. पण ते भले. एवढंच म्हणाले, "त्यातला तो कोपरा माझा आहे. तेवढा वजा कर."

काकूंनी डोळे पुसले आणि उठल्या. "ठरलं," त्या म्हणाल्या. "आजपासून चव बंद. बिस्किट बंद. वाटी खाली ठेवायची आणि आपण बाहेर जायचं. माझा चहा संपेपर्यंत खाल्लं तर खाल्लं, नाही तर वाटी उचलायची. पुढच्या वेळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही." डॉक्टरीणबाईंना फोन करून त्यांनी विचारूनही घेतलं. "दोन वेळा लागोपाठ नाही खाल्लं किंवा मलूल दिसला, तर लगेच आणा," एवढंच त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या दारात काकूंनी एक खुर्ची आडवी घातली. चिमूट पलीकडे, काकू अलीकडे. दुपारचं खाणं करताना त्यांचा हात दोनदा आपोआप खाली झुकला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला. खुर्चीपलीकडून केविलवाणं कुंईकुंई सुरू झालं. काकूंनी दात आवळले. खाणं झालं, खुर्ची बाजूला, वाटी जागेवर, आणि त्या बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून चहा प्यायला बसल्या.

चहा संपला. वाटी भरलेलीच होती. चिमूट तिच्याशेजारी बसून काकूंच्या तळहाताकडे बघत होता.

वाढलेलं अन्न कुणाच्या समोरून उचलणं काकूंनी जन्मात केलं नव्हतं.  तरी वाटी उचलून त्यांनी फडताळात ठेवली आणि दार लावलं.

"दे ना गं एक घास," काका म्हणाले. "बघ कसा बघतोय."

"नाही."

"दया नाही का तुला?"

"दयेनेच फासळ्या दिसायला लागल्यात त्याच्या," काकू म्हणाल्या, आणि मागच्या अंगणात जाऊन कोरडे असलेले कपडे पुन्हा झटकू लागल्या. दुपारभर त्या चार वेळा आत आल्या. चिमूट खेळतोय का, डोळे चमकतात का, एवढंच पाहून परत जात. तो काकांची चप्पल ओढत होता. मलूल नव्हता. संतापलेला होता.

संध्याकाळी पुन्हा खुर्ची आडवी, पुन्हा कुंईकुंई, पुन्हा तीच वाटी, तेच खाणं, ताजं केलेलं. पुन्हा काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या. चहाचा एक घोट घेतला आणि कप हातातच राहिला.

आतून आवाज आला. एनॅमलची वाटी फरशीवर घासत होती. थांबली. पुन्हा घासली. मग वाटी चालायला लागली, मागच्या दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून टेबलाखाली. काका उठू लागले. काकूंनी त्यांची बाही धरून खाली बसवलं. "मागे वळायचं नाही," त्या पुटपुटल्या. वाटी टेबलाच्या पायावर आपटली आणि मग नुसतं चाटल्याचं चपचप ऐकू येत राहिलं. काकूंचा चहा पार थंड झाला. एवढा गोड चहा त्यांनी उभ्या आयुष्यात प्यायला नव्हता.

पुढेही चिमूटने एक-दोनदा हट्ट करून पाहिला, पण काकूंच्या हट्टापुढे त्याचं काही चाललं नाही. फासळ्या हळूहळू झाकल्या गेल्या. डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर ठेवलं, काट्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि लस भरली. सुई टोचली तेव्हा चिमूट ओरडला नाही, काकूच ओरडल्या.

त्या संध्याकाळी घरी येऊन काकू भाजी ढवळत होत्या. काका नेहमीसारखे ओट्यापाशी आले, पातेल्यात डोकावले आणि सवयीने तळहात पुढे केला. दोन वर्षं रोज ते असेच येत होते. एकदा भाजीसाठी, एकदा आमटीसाठी, एकदा भात मोकळा झाला का ते सांगायला, आणि मग आणखी एकदा भाजीसाठी.

काकूंचा डाव वाटेतच थांबला. त्यांनी त्या तळहाताकडे पाहिलं. मग आडव्या खुर्चीपलीकडे शहाण्यासारखं बसलेल्या चिमूटकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "खुर्चीच्या पलीकडे."

"काय?"

"तिकडे. त्याच्याशेजारी."

काकांनी तोंड उघडलं, काकूंच्या हातातल्या डावाकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि खुर्ची ओलांडून गेले. दोघं शेजारी शेजारी बसून राहिले.

त्या दिवशी काकांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि वर पातेलं जवळ ओढून बोटाने पुसलं. काकूंना काही उरलं नाही. त्यांनी स्वतःसाठी दोन पाव भाजून घेतले आणि उभ्या उभ्याच, गालातल्या गालात हसत खाल्ले.