तारिहाळहून वर गेलेले सहा नग

हुबळीजवळ तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात तेव्हा फक्त पंपांचे भाग व्हायचे. मी तपासणीला. मशीनवरून उतरलेला भाग मोजायचा, बरोबर असेल तर सही करायची, नसेल तर लाल रंग लावून बाजूला ठेवायचा. एकवीस वर्षं हेच.

मग बंगळूरच्या एका नव्या कंपनीचं काम आलं. त्यांची तरुण इंजिनिअर मुलगी स्वतः आली होती. तिनं माझ्याच टेबलावर कागद पसरून समजावलं, "जिथं मोबाइलचा टॉवर नाही, डोंगरात, समुद्रात, तिथं उपग्रहावरून सरळ इंटरनेट पोचवायचंय. त्याला जवळून फिरणारे छोटे उपग्रह लागतात आणि फार आखूड लहरी. लहर जितकी आखूड, तितका तुमचा भाग नेमका हवा."

भाग म्हणजे अॅल्युमिनियमचा हॉर्न. देवळावरच्या कर्ण्याच्या आकाराचा, पण ओंजळीत मावणारा. लहरी त्याच्यातून पृथ्वीकडे निघणार. आतून कंगव्याच्या दातांसारख्या बारीक खाचा. माप दहा मायक्रॉनच्या पलीकडे चुकलं तर नग बाद. आपला केससुद्धा त्याच्या कितीतरी पट जाड असतो.

काम अण्णांकडे गेलं. अण्णा आमचे सगळ्यात जुने मशीनवाले. राहायला रायापूरला, घरी कन्नड, माझ्याशी मराठी. खाचांसाठी लागणारं हत्यार त्यांनी स्वतः घासून तयार केलं आणि चार दिवसांत सहा नग काढले. मालकांना घाई होती. पंपाचे भाग मोजायचे तसे मी ते भर दुपारी, मशीनशेजारीच उभी राहून मोजले. सगळे बरोबर. सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोकी बांधताना मी सोबतच्या दाखल्यावर मापं उतरवत होते. वहीतला एक आकडा घामानं पुसट झालेला. तेवढा नग पुन्हा मोजू म्हणून मी तो तपासणीच्या थंड खोलीत नेला. माप कमी भरलं. पुन्हा मोजलं, पुन्हा कमीच. मग बाकीचे पाचही बाहेर काढले. एकही मापात नव्हता.

बाहेर गाडी उभी होती. मी मालकांना म्हटलं, "गाडी सोडू नका. सहाही नग कमी भरतायत."

"काल तुम्हीच सही केलीत ना?"

"हो. चूक माझी आहे. पत्र्याखाली तापलेले नग मोजले मी. निवल्यावर ते आकसले."

अण्णा मागेच उभे होते. "अक्का, तीस वर्षांत माझा नग कुणी परत केला नाही."

"तुमचा हात चुकला नाही अण्णा. माझं माप चुकलं. पण हे असेच गेले तर तिकडं नापास होतील, आणि बोल तुमच्या हाताला लागेल."

ते मशीनकडे निघून गेले. त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला. दुपारी तीनच्या सुमाराला तपासणीच्या खोलीचं दार वाजलं. चपला बाहेर काढून अण्णा आत आले. माझ्या खोलीत ते पहिल्यांदाच येत होते. खुर्ची ओढून बसले. "किती आकसलं, ते लिहून द्या."

आम्ही दोघांनी बसून ठरवलं. नग आदल्या दिवशी जाडसर कापून थंड खोलीत ठेवायचा. शेवटचा हात सकाळी लवकर, शेड तापायच्या आत. मग दोन तास विसावू द्यायचा आणि त्यानंतरच मोजायचा. मालकांनी बंगळूरला फोन करून खरं काय ते सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "बरं झालं, आधीच सांगितलंत," आणि पंधरा दिवस वाढवून दिले.

ते पंधरा दिवस आम्ही पहिली बस धरत होतो. कुलूप मालक स्वतः उघडायचे. सुरुवातीचे दोन नग बाद झाले. अण्णा म्हणाले, "आयतु, झालं ते झालं. तिसरा काढू." तिसऱ्यापासून हात बसला.

नग गेल्यावर महिन्याभरानं फोन आला. मालकांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. "सहाही पास," ती मुलगी म्हणाली. "इतका स्वच्छ हॉर्न आम्हाला अजून कुणी करून दिला नव्हता." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अण्णा चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

पुढच्या वर्षी तो उपग्रह वर गेला. चहाच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी एकाच मोबाइलवर ते पाहिलं. काही दिवसांनी निरोप आला, आमच्या हॉर्नमधून पहिला संदेश खाली पोचला होता. त्या संध्याकाळी अण्णा आणि मी हुबळीहून धारवाडच्या बसमध्ये होतो. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ फोन खिडकीबाहेर धरून रेंजच्या नावानं चडफडत होते. अण्णा वाकून त्यांना कन्नडमध्ये म्हणाले, "थोडं थांबा. पुढं वरून येईल रेंज. आम्ही केलेला हॉर्न वर फिरतोय."

गृहस्थ हसले. म्हातारा थट्टा करतोय असं त्यांना वाटलं असणार. मी बसमध्ये अनोळखी माणसांशी कधी बोलत नाही. पण तेव्हा मी पुढं झुकले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "खरं सांगतायत ते. यांनी केलाय, आणि मी मोजलाय."