जावयाच्या मानाचा पहिला फेरा

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागं हा किस्सा सांगताना आमच्या ऑफिसातल्या एकाने सगळा चहा शर्टावर सांडून घेतला आणि दिवसभर मलाच बोलत बसला.

माझी फजिती केली ती जत्रेतल्या पाळण्याने. तीही मी त्यात न बसता! पाळण्यात बसून फजिती झालेली माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. न बसता झालेला बहुतेक मी एकटाच.

तर मला रोलर कोस्टरचं वेड आहे. मी मूळचा औशाचा, नोकरीला लातूरला, विमा कार्यालयात. आता तुम्ही म्हणाल, औसा-लातूरला रोलर कोस्टर कुठून आली? नाहीच आली, म्हणून तर वेड लागलं. लहानपणी औशाहून लातूरला एसटीनं जायचो तेव्हा मी हट्टानं अगदी मागच्या आडव्या सीटवर बसायचो. खड्डा आला की बूड सीट सोडायचं, डोकं टपाला लागायचं. बाकीचे ड्रायव्हरला शिव्या द्यायचे आणि मी मनात म्हणायचो, देवा, अजून एक.

नोकरी लागल्यावर कळलं की याच सुखासाठी मोठ्या शहरांत लोक रांगा लावतात. मग काय! हैदराबाद झालं, मुंबईकडचं झालं, बंगळूरू झालं. लोक रजा काढून तिरुपतीला जातात, मी रजा काढून उतारावर जातो.

आणि माझी मतं? विचारली नाहीत तरी सांगतो. पाण्याच्या राईडी मी मोजतच नाही. ते नुसतं भिजणं आहे, त्याला राईड म्हणू नये. पुढच्या डब्यात बसतात ती फोटोवाली मंडळी. खरी गंमत शेवटच्या डब्यात, कारण पुढचे डबे उताराला लागले की मागच्याला फरफटत नेतात. उलटीपालटी करणारी गाडी दिसायला भारी, पण साध्या सरळ उताराला पोटात जो गोळा येतो, त्याची सर कशाला नाही. डोळे मिटून बसणाऱ्याला तर मध्येच उतरवून द्यावं. आणि चढताना साखळीचा तो कट-कट-कट आवाज! तो ऐकला की मला घरी आल्यासारखं वाटतं.

अशा माणसाला कोण पोरगी देणार? देगलूरच्या एका भल्या घरानं दिली. मुलगी वैशाली, शाळेत शिक्षिका. बघायला गेलो तेव्हा तिनं छंद विचारला, मी सांगितला. ती म्हणाली, "मला तर बससुद्धा लागते." तरी हो म्हणाली. वडील बियाण्यांच्या दुकानाचे मालक, शांत माणूस. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात, तर हे मामा. आणि त्यांचे थोरले भाऊ ते काका. काका म्हणजे गावच्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष, आवाज हलगीसारखा, घरातला शेवटचा शब्द त्यांचा.

साखरपुडा झाला आणि लगेच जत्रेचं बोलावणं आलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मराठवाड्यात कुणाच्या दारी 'नको' म्हणता येत नाही. पोट भरलं म्हणा, ताटात अजून एक पोळी पडते. आत्ताच चहा घेतला म्हणा, अर्धा घ्या म्हणतात. एकच मात्रा लागू पडते: 'डॉक्टरनं बंद केलंय.' डॉक्टरपुढं यजमान हात टेकतो. नांदेड-लातूर भागातला धडधाकट माणूस दिवसातून एकदा तरी आजारी पडतो, तो असा. मीही त्यातलाच.

जत्रेत गेलो तर मैदानाच्या मधोमध हा भलामोठा आकाशपाळणा. होणाऱ्या जावयाला झोक्याची हौस म्हणून काकांनी तो खास निजामाबादहून आणवला होता. वाजंत्री वाजली, नारळ फुटला, लाऊडस्पीकरवर माझं नाव झालं. पहिल्या फेऱ्याचा मान जावयाचा, अशी त्यांच्याकडं रीत.

काकांनी पाळण्याची सीट स्वतःच्या उपरण्यानं पुसली आणि म्हणाले, "बसा जावईबापू. तुमच्याखातर आनलाय."

मी सीटकडं पाहिलं. मांडीवर दाबून बसणारा दांडा नाही, पट्टा नाही. पुढं एक साखळी, ती सुतळीनं बांधलेली. खाली इंजिन धुरात खोकत होतं. मी शहरांतल्या मोठमोठ्या गाड्यांत बसलेला माणूस, मी यात बसू? शिष्टपणा म्हणा, भीती म्हणा, निम्मं निम्मं होतं. पण एवढ्या लोकांत काकांना हे सांगणार कसं? तोंडातून ते नेहमीचं निसटलं.

"काका, डॉक्टरांनी नको म्हटलंय."

मात्रा लागू पडली. काका एकदम हळू झाले, मान दुसऱ्या कुणाला गेला. मी सुटलो म्हणून उसाचा रस प्यायलो. पण काका सोडणाऱ्यातले नव्हते. गर्दीतून बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, कोणता डॉक्टर? मला एकच नाव सुचलं. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून समोरच्या दवाखान्याची पाटी दिसते, तेच नाव मी ठोकून दिलं.

त्या दवाखान्याची पायरी मी आजवर चढलेलो नाही. पण देगलूर-उदगीरकडच्या पुष्कळ घरांनी चढलेली होती आणि ते डॉक्टर कशाचे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हृदयाचे!

मला कसली कल्पना? घरी जेवायला बसलो तर सगळ्यांच्या ताटात भजी, ठेचा, तेलाची तर्री. माझ्या ताटात बिनमिठाचं वरण आणि कोरडी भाकरी. सासूबाई वाढताना पदरानं डोळे पुसत होत्या. मला वाटलं, मुलगी सासरी जाणार म्हणून. माझी पिशवी दुसऱ्यानं उचलली, जिना चढू दिला नाही, माझ्यासाठी पलंग खाली आणला. मला वाटलं, काय हा जावयाचा थाट! मी लातूरला परत येऊन मित्रांना सांगत सुटलो की माणसं लाखमोलाची मिळाली.

इकडं बातमी देगलूरहून उदगीरला वैशालीच्या आत्याकडं गेली. जाताना जरा वाढली. त्या उलट्यापालट्या गाड्यांत बसून बसून पोराचं काळीज जागचं हललंय, असं आत्याचं म्हणणं पडलं. म्हणजे माझं वेडच माझ्याविरुद्ध पुरावा! उदगीरहून ती औशाला पोचली आणि माझ्या आईचा रडत फोन आला, एवढं मोठं दुखणं आईपासून लपवलंस? माझ्या काळजाची खबर माझ्या आईला उदगीरमार्गे कळली. मी परोपरीनं सांगितलं, मला काही झालेलं नाही. आई म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून बोलायलास.

तेवढ्यात वैशालीचा फोन. आवाज शांत, पण रडून झालेला.

"काका लग्न मोडू म्हणतात," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, शब्द दिलाय. आणि मी सांगितलं, करीन तर यांच्याशीच. दुखणं काय, लग्नानंतरही आलंच असतं की. फक्त एक खरं सांगा, गोळ्या वेळेवर घेता ना?"

आता सांगा, यावर माणसानं काय करावं? मला भरून आलं. सुतळीची साखळी बघून मी जी थाप मारली, तिच्यावर ही मुलगी आपला जन्म पणाला लावायला निघाली होती. आजही ते आठवलं की मी तिच्यासमोर आवाज चढवत नाही. चढवला तरी लगेच उतरवतो.

मी तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला काहीसुद्धा झालेलं नाही?"

"नाही."

"मग मी उपास धरलेत त्यांचं काय?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, काकांना तुमच्या तोंडानं सांगा, सरळ. पण ज्या माणसानं माझ्यासाठी निजामाबादहून पाळणा आणला, त्याला तुमच्या पाळण्यात बसायचं नव्हतं हे सांगू कसा? मी आपली युक्ती काढली. काका आणि मामांना हैदराबादकडच्या एका पार्कात न्यायचं. त्यांच्यादेखत तिथल्या सगळ्यात मोठ्या कोस्टरमध्ये बसायचं, हसत उतरायचं. काळीज ठणठणीत असल्याचा याहून मोठा दाखला कुठला? वैशाली म्हणाली, करा तुमचं.

जीप केली. काका आले ते निकाल लावायलाच. पोरगं धड दिसलं तर लग्न, नाही तर तिथंच नारळ. मामा सदऱ्याच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन आले होते आणि वाटेत दर थोड्या वेळानं खिसा चाचपून बघत होते. उशी पण आणली होती, माझ्या पाठीला.

पार्कात पोचलो, तिकिटं काढली, रांगेत लागलो. साखळीचा कट-कट आवाज कानावर आला, माझं मन वर जायला लागलं. आणि मामा एका पाटीपुढं थांबले. पाटीवर लाल बदाम काढून त्यावर फुली मारलेली. मामांनी ती पाटी सावकाश, बोट ठेवून वाचली. मी म्हटलं, मामा, चला हो. ते चालले. पण फाटकाशी येताच त्यांनी तिथल्या माणसापुढं हात जोडले.

"भैया, ये हमारे जमाई है. दिल का थोडा है. जरा संभालके बिठाव."

फाटक बंद! इतक्या कोस्टर केल्या, पण माझ्यापुढं असं फाटक कधी पडलं नव्हतं. मी समजावलं, विनवलं, ओळखपत्र दाखवलं. ऑफिसच्या ओळखपत्रानं काळीज सिद्ध होतं का? तो ढिम्म. मागची रांग ओरडायला लागली. काकांच्या कपाळावर आठी चढली. ती आठी बघून मला कळलं, आता इथं लग्न मोडतंय.

मी सगळ्या रांगेदेखत ओरडलो, "मुझे कुछ नहीं हुआ है! मैं झूठ बोला था!" आणि मग काकांकडं वळून मराठीत सगळं ओकलो. सुतळी, साखळी, दवाखान्याची पाटी, सगळं.

काका म्हणाले, "म्हंजी तुमाला आमच्या पाळन्यात बसायचं नव्हतं."

"हो."

"अन् त्यापायी आमी तुमाला बिनमिठाचं जेवू घातलं."

"हो."

"अन् तुमी खाल्लं."

"हो. मला वाटलं, तुमच्याकडं असंच असतं."

मामांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते, आणि हसता हसता डोळे पुसत होते. त्यांनी माझ्या छातीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "पोराला काय न्हाई, दादा. काय बी न्हाई." होणारा जावई थापाड्या निघाला, याचा त्या माणसाला रागच आला नाही. तो धडधाकट निघाला याचाच आनंद. मी कसली पुण्याई केली होती, कोण जाणे.

फाटकवाल्याला मी म्हटलं, ऐकलंत ना? आता सोडा. तो म्हणाला, "साब, जिसको रोकते है वो यहीच बोलता है."

शेवटी काकाच म्हणाले, तिकिटं वाया कशाला घालवायची? आणि दोघं भाऊ आत गेले. माझ्या हातात दोन टोप्या, दोन चष्मे, बगलेत चपलांचे जोड आणि ती गोळी. मी खालून ओरडलो, शेवटच्या डब्यात बसा. ते पहिल्या डब्यात बसले. उताराला काकांची आरोळी पार गेटापर्यंत ऐकू आली असेल.

उतरल्यावर ते एकच शब्द बोलले, "पुन्यांदा."

मग मागच्या डब्यात बसून आले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मलाच समजावत होते, पुढं बसणं म्हणजे फोटोचं काम, खरी मजा मागं. पाण्याच्या राईडी त्यांनाही पटल्या नव्हत्या. मी उशीला टेकून मुकाट ऐकत होतो.

लग्न झालं. थाटात झालं. आणि पुढच्या वर्षी जत्रा आली. तोच पाळणा, तीच सुतळी. पण मी मनाशी ठरवलं होतं, ज्या माणसांनी दुखणाईत समजूनही आपल्याला पदरात घेतलं, त्यांच्या पाळण्याला पट्टा नसला तर नसू दे. नारळ फुटला आणि मी चपला काढून पुढं झालो.

पाळणेवाल्यानं दोन्ही हात आडवे केले. "वद्दू, वद्दू!" देगलूरच्या जत्रेत निम्मी बोली तेलुगू, तेव्हा 'वद्दू' म्हणजे नको, एवढं मलाही कळतं. बायका कळवळल्या, नका बसू हो दाजी. सगळ्या गावाला माझं दुखणं ठाऊक होतं. आजारी पडल्याची खबर उदगीर फिरून येते हो, बरा असल्याची कोण सांगत बसतो?

मी काकांकडं पाहिलं. खरं काय ते त्यांना सगळं माहीत. त्यांनी वर पाळण्याकडं पाहिलं, टोपी सारखी केली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"डॉक्टरचं ऐकावं मानसानं."

आणि मानाच्या पहिल्या फेऱ्याला काका बसले, मामा बसले, आणि बस लागणारी माझी बायकोसुद्धा बसली. मी खाली, सगळ्यांच्या चपला सांभाळत. वरून वैशालीचं हसू ऐकू येत होतं. कुणीतरी मायेनं माझ्यासाठी खुर्ची आणली आणि मागोमाग चहा. बिनसाखरेचा.

मी तो निमूट प्यायलो. नको म्हणायला कारण काय सांगणार होतो?