न भाजलेला तुकडा

डहाणूच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि फावल्या वेळात भातखाचरांतली माती गोळा करत हिंडते. नरपडची चिमूटभर माती काचेच्या बशीत घातली की चार दिवसांत हिरवे, काळे, मळकट गुलाबी ठिपके उगवतात. तलासरीच्या मातीतला त्यांचा गोतावळा अगदी निराळा. घरी याला ‘बुरशीचं खूळ’ म्हणतात. म्हणोत बापडे.

माझ्या माहेरचं शेत तलासरीकडे, डोंगराच्या बाजूला. पावसाआधी रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून आई राब भाजायची. त्या आगीत मातीतली बुरशी किती मरते, किती तगते, हे मला बघायचं होतं. म्हणून एक कड न भाजता ठेव, असं मी तिला सांगितलं.

“तुझ्या बुरशीपायी मी तण उपटत बसू?” ती करवादली. पण सोडली, खाटेएवढी पट्टी. पुढे न सांगताही दर वर्षी सोडत गेली. पावसात तिथे रोपांपेक्षा तणच जास्त. ते उपटताना ती माझ्या बुरशीचा यथेच्छ उद्धार करायची. एकदा शेजारणीनं माझ्यासमोरच तिला हसून विचारलं, राब अर्धवट का गं? तर आई म्हणाली, “लेकीचा तुकडा हाय तो.”

शेत भावाच्या नावावर. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तरी ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. वैशाखात मी पिशवी घेऊन शेतावर पोचले, तर भावानं राब भाजून टाकला होता. या बांधापासून त्या बांधापर्यंत सगळं काळं.

“आई ती कड उगाच सोडायची,” तो म्हणाला. “यंदा नीट भाजला बघ.”

इतकी वर्षं तो वापीच्या कारखान्यात. राबात कधी उतरलाच नव्हता. त्याला कोण सांगणार? आणि बुरशीचं म्हणाल तर वाऱ्यापाण्याबरोबर ती परत येतेच. जुनी तर कॉलेजच्या फ्रिजमध्ये नळ्यांतून जिवंत आहे. मला मात्र त्या राखेत उभं राहून रडू आवरेना.

“काय झालं? काही हवं होतं का?” तो गोंधळून गेला.

“थोडी माती.”

त्यानं लगेच खुरपं उचललं. “कुठली काढू?”

“कुठलीही काढ,” मी म्हटलं. “आता सगळी सारखीच आहे.”