टायर निवडणारी बाई

बालाघाटला टायरच्या दुकानात मी स्कूटरचं चाक घेऊन बसलो होतो. तेवढ्यात लामत्याकडचं एक जोडपं जुनी पिकअप घेऊन आलं. गाडी नवरा चालवायचा, पण टायर बायको निवडत होती. ती प्रत्येक टायरच्या खाचेत बोट घालून खोली बघायची आणि मान हलवून पुढे सरकायची. शेवटी जाड दातांच्या टायरवर तिनं हात ठेवला.

"बाई, डांबरी सड़क पर ये बहुत आवाज़ करेगा," दुकानदार म्हणाला.

"डांबर आमच्या गावाले आलं कुठं?" ती म्हणाली. "मी सुईण आहो. मागच्या पावसाळ्यात दवाखान्यात नेता नेता गाडी चिखलात फसली, अन् बाई गाडीतच बाळंत झाली. मायलेकरू दोघंबी वाचले. दरखेपी वाचतीन काय?"

दुकानदारानं तेच टायर चढवले. दुकानामागे म्हशी बसायचं डबकं होतं. तिनं नवऱ्याला त्यातूनच गाडी काढायला लावली आणि स्वतः काठावर उभी राहिली. गाडी न अडखळता पार झाली. चाकांनी उडवलेल्या चिखलानं तिचं लुगडं भरलं. तोंड पदरानं पुसत ती नवऱ्याला म्हणाली, "आता गावाले सांगा, भर पावसातबी बोलवा म्हणा."

तिचं नाव मला कधी कळलं नाही. पावसाळा तोंडावर आला होता, पण तिच्या गावातल्या पोटुश्या बायांची मला काळजी वाटली नाही.