अक्काच्या पापण्या

शहरातल्या ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथं पापण्यांची ऑपरेशनं दोघं करतात आणि दोघांची पद्धत वेगळी. मोठे डॉक्टर वरच्या पापणीची जादा कातडी काढतात, शिवाय तिच्याखालच्या स्नायूची बारीक पट्टीही. घडी ठसठशीत पडते, सूज मात्र रेंगाळते. धाकट्या मॅडम फक्त कातडी काढतात. घडी जरा मवाळ, पण बाई लवकर माणसांत येते. कात्री दोघांच्याही हातात मीच देते, त्यामुळे मला कोणाचंच फार कौतुक नाही.

माझी थोरली बहीण पिशोरहून आली ती ऑपरेशन करून घ्यायचं ठरवूनच. तिच्या पापण्या म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दाजींना जाऊन तीन वर्षं झाली, तरी बाजारात कोणीतरी तिचा हात धरतंच.

"जी भेटंल ती इचारती, रडलीस का गं? लई झालं आता," अक्का म्हणाली. "मला न रडलेली दिसायचंय."

"त्यासाठी कोणी डोळ्याला सुरी लावून घेतं का?" मी चिडवलं. ती हसली नाही.

पंधरा दिवसांवर तिच्या पुतण्याचं लग्न होतं. सुजलेले डोळे घेऊन ती मांडवात गेली असती, तर अख्खं वऱ्हाड सांत्वनाला बसलं असतं. मी तिला मॅडमकडं नेलं.

मॅडमनी तिला बसवून पापण्यांवर पेनानं खुणा केल्या. अक्का मात्र भुवया ताणून बसलेली. वर्षानुवर्षं ती तशीच बघत आलेली. "कपाळ सैल सोडा," मॅडम तीनदा म्हणाल्या. सोडलं तेव्हा पापण्या खाली आल्या आणि ती खरंच रडून उठल्यासारखी दिसली. मॅडमनी कातडी थोडी कमीच धरली. कमी निघाली तर पुन्हा काढता येते, जास्त निघाली तर डोळा मिटत नाही.

सातव्या दिवशी टाके काढल्यावर अक्का बराच वेळ आरशात बघत राहिली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "तुझे दाजी गेले तवाबी मी रडले नव्हते. आलंच नाय रडू. बायांनी ठरवलं, मग मी कशाला नाय म्हणू?"

मला लाज वाटली. दाजी गेले त्या दिवशी दारातच तिला कवटाळून "किती रडलीस गं" असं सगळ्यांत आधी मीच म्हणाले होते.